मोठा माणूस वाटेंत भेटला तर ओळखाल काय?

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक मेळाव्यांत केलेलें भाषण)



मी कांहीं नामांकित व्याख्याता नव्हे. माझा धंदा सुताराचा. वाकस आणि पटाशी चालवितां चालवितां जन्म गेला. बोलण्यांत कांहीं उणें-अधिक झालें तर तें पोटांत घालावें. आजचा विषय असा आहे, कीं मोठ्या माणसांच्या अचानक झालेल्या भेटी. तो ऐकून पुष्कळांना वाटलें असेल कीं, हा म्हातारा आतां अमक्या मंत्र्याला भेटलों, तमक्या नटाशेजारीं गाडींत बसलों, अशा बढाया सांगणार. तशी एकही भेट माझ्या पदरीं नाहीं. माझ्या घरीं एक भेट झाली होती कीं काय, एवढी शंका मात्र तीन पिढ्या आम्हांला पुरली आहे. ती शेवटीं सांगेन.

हल्लीं कोणी पुढारी गांवांत यावयाचा असला कीं आठ दिवस आधीं फलक लागतात, एरवीं न झाडलेला रस्ता झाडला जातो आणि मोटारीचा दरवाजा उघडतांच शंभर मोबाइल वर होतात. ज्याला फोटो मिळाला तो वर्षभर दाखवीत फिरतो. या भेटींत पुढाऱ्याला आपलें नांवही कळत नाहीं, आणि आपल्याला त्याच्या टोपीपलीकडे कांहीं दिसत नाहीं. हिला दर्शन म्हणा, भेट म्हणूं नका. भेट व्हावयाची ती फलकाशिवाय होते, आणि बहुतेक वेळां आपण त्या माणसाला ओळखत नाहीं. याचे तीन दाखले देतों.

पहिला दाखला पुण्याचा. सन १८८८, मार्चची २ तारीख. राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनीं मेजवानी दिली होती. शहरांतील बडी मंडळी जरीचे कपडे आणि दागदागिने घालून आली. चिपळूणकर हे जोतीराव फुल्यांचे स्नेही. तेव्हां जोतीरावांनाही आमंत्रण होतें. जोतीराव गेले ते कुणब्याच्या वेशांत. डोक्याला मुंडासें, अंगावर घोंगडी, पायांत फाटका जोडा! दारावरच्या पहारेकऱ्यांनीं त्यांना अडविलें. असला माणूस राजपुत्राच्या पंगतीला कसा येईल? शेवटीं यजमान स्वतः पुढें आले, तेव्हां आंत जाणें झालें. आंत गेल्यावर जोतीरावांनीं राजपुत्राला सांगितलें कीं, या हिरेमाणकांनीं मढलेल्या मंडळींवरून आमच्या देशाची कल्पना करूं नका. खरी प्रजा खेड्यांत आहे आणि तिला अंगभर वस्त्र नाहीं. तिची दशा तुमच्या आईच्या कानांवर घाला, आणि तिच्या मुलांच्या शिक्षणाची तजवीज करा.

त्याच वर्षीं ११ मे रोजीं मुंबईच्या सभेंत लोकांनीं जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. मध्यें दिवस गेले ते दोन महिने आणि नऊ. मे महिन्यांत ज्याला महात्मा म्हटलें, त्यालाच मार्च महिन्यांत दारावर थांबविलें होतें. त्या पहारेकऱ्यांना मी शिव्या देणार नाहीं. पोटासाठीं चाकरी करणारे ते गरीब लोक. त्यांच्या स्वतःच्या घरीं बापाच्या अंगावर तसलीच घोंगडी असेल. परंतु बापाच्या वेशाचा माणूस दारीं आला कीं अडवावयाचा, ही शिकवण त्यांच्या हाडींमाशीं खिळली होती. ती आपल्यांतून गेली आहे काय, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें.

दुसरा दाखला कोल्हापूरचा, शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांतला. गंगाराम कांबळे नांवाचा एक इसम दरबारच्या पागेंत चाकरीस होता. जातीनें अस्पृश्य. तो पाण्याच्या हौदाला शिवला, म्हणून सोबतच्या चाकरांनीं त्याला चाबकानें फोडून काढलें. महाराज त्या वेळीं कोल्हापुरांत नव्हते. परत आल्यावर त्यांना हा प्रकार कळला. मारणारांना शासन झालें, आणि गंगारामाला महाराजांनीं भांडवल देऊन स्वतंत्र धंदा करावयास सांगितलें. गंगारामानें कोल्हापुरांत भर रस्त्यावर चहाचें दुकान घातलें. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण?

महाराजांच्या कानांवर हें गेलें. त्यांनीं हुकूम काढला नाहीं कीं दवंडी पिटविली नाहीं. फिरावयास निघाले कीं गाडी त्या दुकानासमोर उभी करावी, मोठ्यानें हांक मारून चहा मागवावा, आपण घ्यावा आणि गाडींतल्या बड्या बड्या मंडळींच्या हातांतही कप द्यावा! राजा चहा घेतो म्हटल्यावर मानकरी नाहीं कसें म्हणणार? आणि मानकरी घेतात म्हटल्यावर गांवाचें तोंड बंद.

येथें राजा रयतेला भेटावयास आला तो दरबार भरवून नव्हे, तर हातांत चहाचा कप घेऊन. हल्लीं बडा माणूस टपरीवर चहा घेतो तो फोटो काढवून घेण्यापुरता. महाराजांनीं घेतला तो दुसऱ्याची चूल पेटती राहावी म्हणून. मोठ्या माणसाची भेट होऊन गेल्यावर मागें काय उरलें, हें पाहावें. गंगारामाचा धंदा उभा राहिला आणि त्याच्याबरोबर त्याची मानही. फोटो ओल आली कीं उडतो. हें उडालें नाहीं.

आतां तिसरा दाखला, आणि तो आपल्या अंगणांतला आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. जात परीट. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा. बाप लौकर वारला. मुलगा मामाकडे वाढला. तेथें गुरें राखलीं, नांगर धरला. सावकारानें मामाची जमीन कशी गिळली, तें डोळ्यांनीं पाहिलें. शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. सन १९०५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं घर सोडलें, आणि २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांवच्या वाटेवर देह ठेवला तोंपर्यंत हा माणूस फिरत राहिला. अंगावर चिंध्यांचा सदरा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचें खापर, एका कानांत कवडी, दुसऱ्यांत बांगडीची कांच, हातांत खराटा. गांवांत शिरतांच कोणाशीं न बोलतां गटार उपसावयास लागावयाचें. दिवसभर गांव झाडावयाचा, आणि रात्रीं कीर्तन करून माणसांचीं मनें झाडावयाचीं. दारू सोडा, देवापुढें बकरें मारूं नका, कर्ज काढून सण-लग्न करूं नका, मुलांना शाळेंत घाला, शिवाशीव पाळूं नका. एवढेंच सांगणें, पण तें प्रश्न विचारून विचारून आपल्याच तोंडून वदवून घ्यावयाचे.

त्यांच्या नांवावर लाखो रुपये जमले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र ते खापरांत भाकरी घेऊन झाडाखालीं जेवले. पाया पडावयास कोणी वांकला कीं मागें सरत.

त्यांचे चरित्रकार सांगतात कीं अनोळखी गांवांत पुष्कळ लोक त्यांना वेडा समजत, भिकारी समजत, हांकलून देत. तरी काम चालूच. आणि संध्याकाळीं कीर्तनाला तेच उभे राहिले कीं सकाळीं हांकलणारांच्या माना खालीं. अशा माना महाराष्ट्रांत किती गांवांत खालीं गेल्या असतील, त्याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. म्हणजे त्या मोजदादींत आमचें एक घर धरावें कीं नाहीं, तें तुम्हीच ठरवा.

मी जन्मलों नव्हतों तेव्हांची ही गोष्ट. आजीच्या तोंडून ऐकलेली. उन्हाळ्याचे दिवस. आजा दारापुढें वखराचें लांकूड तासत बसला होता. एक चिंध्या पांघरलेला माणूस आला आणि काहीं न विचारतां दारापुढच्या ढलप्या झाडून गोळा करूं लागला. सुताराच्या घरीं ढलप्या म्हणजे सरपण. आजाला वाटलें, हा नेणार. त्यानें चार शिव्या दिल्या, वाकस उगारला आणि माणूस हुसकून लावला. माणूस उलट बोलला नाहीं. गोळा केलेला ढीग तसाच ठेवून निघाला. आजीनें तें आंतून पाहिलें. मागच्या दारानें जाऊन तिनें त्याला थांबविलें, आणि भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तांब्याभर पाणी दिलें. त्यानें आधीं काम मागितलें. मागचें अंगण झाडलें, मग भाकरी खाल्ली, आणि गेला.

पुढें १९५६ च्या डिसेंबरांत बाबा गेले. कोणीतरी वर्तमानपत्र आणलें. त्यांत बाबांचा फोटो. आजा कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिला. मग त्यानें आजीला विचारलें, “त्या माणसाच्या कानांत कवडी होती का?” आजी म्हणाली, “मीन नाई पाह्यलं.” त्या दिवसापासून आजाचा जीव ठिकाणावर राहिला नाहीं. गाडगेबाबांवर आपण वाकस उगारला, ही खंत त्यानें मरेपर्यंत बाळगली. दारावरून कोणी भिकारी, कोणी कचरा वेंचणारा गेला कीं आजा त्याला बोलावी, पाणी देई. पण आधीं वांकून त्याच्या कानांकडे पाही. हें मीं लहानपणीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

एके दिवशीं आजीला तें सहन झालें नाहीं. ती म्हणाली, “अहो, तुमी त्याचे कान काऊन पाहता? पोट पाहा ना! तो बाबा होता का नव्हता, मले काय त्याचं? तो उनातून आलता, एवढं मले दिसलं.”

बंधुभगिनींनो, या विषयावर मला जें सांगावयाचें तें माझ्या अडाणी आजीनें सांगून टाकलें आहे. आजा पस्तावला तो बाबा चुकले म्हणून. तो माणूस बाबा नव्हता असें जर कोणीं शपथेवर सांगितलें असतें, तर आजा सुटला असता, आणि उगारलेला वाकस मात्र तसाच उगारलेला राहिला असता. मोठा निघेल या आशेनें केलेला मान हा सौदा आहे. बियाणें पेरतांना आपण पिकाचा हिशेब करतों तो ठीक. तांब्याभर पाण्याचा हिशेब कसला?

कोणी म्हणेल, दिवस वाईट आहेत, चिंध्यांच्या आड चोरही येतात आणि भोंदूही येतात. खरें आहे. तेव्हां सावध राहा; घर उघडें टाकूं नका. पण सावधपणाला शिवी लागत नाहीं. नांव विचारा, गांव विचारा, पाणी द्या. आणि भोंदू ओळखण्याची खूण बाबांनीं स्वतःच घालून दिली आहे. जो आधीं पाय पुढें करतो आणि मग दक्षिणेला हात, त्याला वाटेला लावा. जो आधीं झाडू घेतो त्याला बसवा.

आपण तालुक्याच्या कचेरींत सात-बाऱ्यासाठीं जातों, तेव्हां खुर्चींतला माणूस मान वर करीत नाहीं. दोन तास उभें राहून आपण घरीं येतों आणि बायकोमुलांपुढें चरफडतों, कीं आम्हांला माणूस समजत नाहींत. चरफडणें रास्त आहे. पण त्याच संध्याकाळीं गटार काढणारा दारांत पाणी मागतो, तेव्हां त्याच्यासाठीं कोनाड्यांतला निराळा पेला निघतो कीं नाहीं? कचेरींतली खुर्ची आणि आपल्या घरचा तो पेला एकाच लांकडाचे आहेत.

बाबांच्या नांवानें सरकारनें सन १९९८ मध्यें टपालाचें तिकीट काढलें, सन २००० पासून ग्रामस्वच्छतेची मोहीम चालविली, आणि अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचें नांव दिलें. चांगलें झालें. परंतु तिकिटावरचा बाबा सगळ्यांना ओळखतां येतो. गटारांत उभा असलेला ओळखतां आला पाहिजे.

म्हणून माझी विनंति एवढीच. आज येथून घरीं गेल्यावर कोनाड्यांतला तो निराळा पेला काढून टाका. आपल्या गल्लींत झाडणाऱ्या माणसाचें नांव ज्याला ठाऊक नसेल, त्यानें उद्यां सकाळीं तें विचारून घ्यावें, आणि पुढें त्याच नांवानें हांक मारावी. मोठा माणूस तुम्हांला भेटेल कीं नाहीं, मी सांगूं शकत नाहीं. पण ज्याला तुम्हीं हांक माराल, त्याला त्या दिवशीं माणूस भेटला असें होईल.