बारावीचं गणित, चाळिशीनंतर

मी तोफखान्यातला निवृत्त अधिकारी. सध्या मुक्काम महूला. आज तोफांबद्दल थोडं आणि बारावीच्या गणिताबद्दल जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी फोन आला. "जय हिंद साहेब, ओळखलंत का?" आवाजावरून लगेच ओळखलं. माझ्या बॅटरीतला हवालदार. तो टेक्निकल असिस्टंट होता, म्हणजे तोफ कुठल्या दिशेला आणि किती उंचीला लावायची याचे आकडे काढून देणारा माणूस. नोकरी पुरी करून बेळगावजवळच्या आपल्या गावी परतला होता. म्हणाला, "साहेब, बारावीच्या गणिताला बसतोय. मोबाईलवर धडे बघतो. बघताना सगळं कळतं, वही उघडली की काहीच येत नाही. तुम्ही शिकवाल का?"

मी लगेच हो म्हणालो नाही. हाच मुलगा नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बारावीच्या परीक्षेसाठी सुट्टी मागायला माझ्या तंबूत आला होता. मी म्हणालो होतो, "तुला बारावीचं गणित काय करायचंय? काम तर चोख करतोस." त्यानं सॅल्यूट केला आणि गेला. पुन्हा विषय काढला नाही. तो हे विसरला असेल अशी माझी आशा होती. मी विसरलो नव्हतो. म्हणून होकार द्यायला जरा वेळ लागला, पण दिला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी व्यवस्था सांगतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. दहावी झालेल्या कुणालाही तिथून बारावी करता येते. वयाची वरची अट नाही. एकटं गणित घेऊनही बसता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. 'स्वयम्' हा सरकारी मंच २०१७ साली सुरू झाला, त्यावर धडे फुकट आहेत. दारं उघडी आहेत. तरीही माणसं उंबरठ्यावर का अडतात, ते मला शिकवायला लागल्यावर कळलं.

हवालदारापाठोपाठ आणखी तिघं आली. त्यांतल्या एक सुरतच्या ताई. शिवणकाम करतात. बारावी सायन्सला असताना परीक्षेच्या तोंडावर लग्न झालं, पेपर राहून गेला. "पुढं काही करायचं नाही सर, राहिलेलं पुरं करायचंय," एवढंच त्यांचं म्हणणं. हवालदाराला बीसीए करायचं होतं आणि त्याला हव्या त्या कॉलेजात बारावीचं गणित लागत होतं. वर्ग सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेआठ ते सव्वानऊ.

पहिला महिना वाया गेला, आणि चूक माझी होती. मी थेट डेरिव्हेटिव्हपासून सुरुवात केली. समोर चार काळे चौकोन. विचारलं की चारही चौकोनांतून उत्तर यायचं, "हो सर, समजलं." मग एकदा मी १/२ अधिक १/३ करून वहीचा फोटो पाठवायला सांगितलं. चारांपैकी दोघांनी २/५ लिहिलं होतं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. अडचण बारावीची नव्हतीच. अपूर्णांक सहावीतच कच्चे राहिले होते. पण चाळिशीतल्या माणसानं, तेही दहावीतला मुलगा शेजारच्या खोलीत अभ्यास करत असताना, "मला अपूर्णांक येत नाहीत" हे मोठ्यानं कसं म्हणायचं? कॅमेरा बंद ठेवला की ही लाज झाकली जाते. ऑनलाइन शिक्षणाची ती सोय आहे आणि तोच तोटाही आहे.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "चेहरा दाखवू नका, वही दाखवा." स्टीलचे दोन डबे ठेवायचे, त्यांवर दोन पट्ट्या आडव्या, पट्ट्यांवर मोबाईल पालथा, कॅमेरा वहीकडे. आता मला चार हात दिसायला लागले. पेन कुठं थांबतं, वजाचं चिन्ह कुठं गळतं, कोण खोडून खोडून लिहितंय, सगळं दिसायचं. तोंडानं माणूस "समजलं" म्हणतो, हात म्हणत नाही. आम्ही सहावीपासून सुरुवात केली. अपूर्णांक, ऋण संख्या, कंस सोडवणं, समीकरणं. अडीच महिने गेले. मीही एनडीएतून बीएस्सी झालो त्याला जमाना झाला होता, तेव्हा एका इंटिग्रेशनला त्यांच्यासमोरच अडकलो. "मला येत नाही, उद्या करून आणतो," असं म्हणालो. त्यानंतर वर्गातही "येत नाही" हे शब्द सहज यायला लागले.

मग त्रिकोणमिती आली. मी रेडियन शिकवत होतो. वर्तुळावर त्रिज्येइतक्याच लांबीचा कंस घेतला की केंद्राशी जो कोन होतो, तो एक रेडियन. पूर्ण वर्तुळात पायच्या दुप्पट, म्हणजे साधारण ६.२८ रेडियन. हवालदाराला म्हटलं, "तुम्ही अख्खी नोकरी मिल वापरलेत. एका किलोमीटरवर एक मिल म्हणजे किती?"

"एक मीटर, साहेब." झोपेतून उठवलं तरी सांगेल.

"का?"

शांतता.

"मिल म्हणजे साधारण रेडियनचा हजारावा भाग. त्रिज्या हजार मीटर, म्हणून कंस एक मीटर. हिशेबानं वर्तुळात ६२८३ व्हायला हवेत. आपण ६४०० धरतो, कारण काटकोन १६००, त्याचा निम्मा ८००, मग ४००, असं सोपं विभागता येतं. फरक शेकडा दोनपेक्षाही कमी."

तेवढ्यात सुरतच्या ताई म्हणाल्या, "सर, ६.२८ हा तर आमचा आकडा आहे."

"तुमचा?"

"अंब्रेला फ्रॉकला. कंबर २८ इंच असेल तर २८ ला ६.२८ नं भागायचं. साडेचार इंचांना थोडं कमी येतं. तेवढ्या त्रिज्येचा गोल कंबरेसाठी कापायचा. मास्तरांनी भागायला सांगितलं होतं, का ते नव्हतं सांगितलं."

हवालदार पहिल्यांदाच मोकळा हसला. म्हणाला, "ताई, म्हणजे आपण एकाच युनिटचे."

मंडळी, मोठ्या वयात शिकणाऱ्याची पाटी कोरी नसते. त्याच्या हातात गणित असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. एकाच टप्प्यासाठी तोफ दोन कोनांत लावता येते, एक कमी आणि एक जास्त, हे हवालदाराला ठाऊक होतं. डोंगराआड मारा करायला जास्तीचा कोन लागतो. हवेचा विरोध सोडून दिला तर ३० आणि ६० अंशांचा पल्ला सारखाच, कारण पल्ला दुप्पट कोनाच्या साइनवर ठरतो आणि साइन ६० व साइन १२० सारखेच. हे सूत्र त्याला पाठ करावं लागलं नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ताई पास झाल्या. हवालदाराला चार गुण कमी पडले. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच केला. मी म्हणालो, "तंबूतली गोष्ट आठवते? तेव्हा सुट्टी द्यायला हवी होती. चुकलं माझं."

तो म्हणाला, "साहेब, तेव्हा दिली असती तरी नापासच झालो असतो. अपूर्णांक तेव्हाही येत नव्हते."

माझं मन राखायला म्हणाला, की खरंच तसं वाटत होतं, कुणास ठाऊक. पण तो तेव्हा पास झाला असता की नापास, हे मी ठरवायला नको होतं. त्याला बसू द्यायला हवं होतं.

मग आम्ही तोफखान्याच्या रीतीनं कामाला लागलो. पहिला गोळा निशाणावर क्वचितच पडतो. तो कुठं पडला ते बघून निरीक्षक दुरुस्ती देतो, इतकं डावीकडे, इतकं पुढं. त्यानं तोच पेपर घरी घड्याळ लावून पुन्हा सोडवला. पद्धती बऱ्याचशा बरोबर होत्या, पण तीन तासांत पेपरचा दोन तृतीयांश भागच झाला होता. वीस वर्षांत एवढं सलग लिहिलंच नव्हतं, हात भरून यायचा. दुरुस्ती सोपी होती. रोज अर्धा तास नुसतं लिहायचं, आणि दर रविवारी एक पूर्ण पेपर. पुढच्या खेपेला ४१ गुण मिळाले. पास व्हायला ३३ लागतात. आज तो नव्या मुलांना, म्हणजे चाळिशीतल्या मुलांना, अपूर्णांक शिकवतो.

तुमच्यापैकी कुणी बसणार असेल तर चार गोष्टी सांगतो. आधी आठवीपर्यंतचं पुस्तक सोडवून पाहा, आणि जिथं अडाल तिथून सुरू करा. व्हिडिओ दहा मिनिटं बघा, बंद करा, मग तेच उदाहरण न बघता वहीत सोडवा. रविवारी पाच तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास बसा. आणि कुणाला तरी तुमची वही बघू द्या.

आता एक विनंती माझ्यासारख्या अधिकाऱ्यांना, मालकांना, नवऱ्यांना, सासवांना. कुणी या वयात शिकायचं म्हणून तुमच्याकडे आलं, तर "तुला काय करायचंय?" असं विचारू नका. "कुठं अडलंय?" एवढंच विचारा आणि सुट्टी द्या.

जय हिंद.