तळघरातली ओल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुना वाडा दुरुस्तीला काढला, की घरात चर्चा सुरू होते ती फरशीची, रंगाची आणि स्वयंपाकघराच्या ओट्याची. तळघर आठवतं ते सगळ्यांत शेवटी, तेही जिन्यातून वर येणाऱ्या कुबट वासामुळे. गवंडी खाली उतरतो, भिंतीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "मालक, सिमेंटचा गिलावा करून टाकू. पुन्हा बघायला नको." पुढच्या पावसाळ्यात गिलाव्याला पोपडे येतात आणि मालक पुन्हा बघत बसतात!

यात एकट्या गवंड्याला दोष देता येणार नाही. पुणे, वाई, नाशिककडच्या जुन्या वाड्यांचं जोतं बहुधा काळ्या दगडाचं आणि सांधे चुन्याचे. चुना थोडी ओल शोषतो आणि कोरड्या दिवसांत ती हवेत सोडून देतो. सिमेंटच्या घट्ट थरानं ही वाट बंद होते. कोंडलेली ओल मग भिंतीतून वर चढते आणि भिंतीत रोवलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोचू शकते. तळघर चकचकीत दिसतं आणि वरच्या मजल्याचं लाकूड आतून कुजत असतं.

म्हणून भिंतीला हात लावण्याआधी पाणी येतं कुठून, ते शोधा. एक सोपा प्रयोग सांगतो. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील, तर ते हवेतलं बाष्प आहे. पावसाळ्यातली दमट हवा तळघराच्या गार भिंतीला लागली, की तिचं पाणी होतं. त्यामुळे भर पावसात खिडक्या उघडून तळघर वाळत नाही, उलट अधिक ओलं होतं. खिडक्या उघडायच्या त्या हिवाळ्या-उन्हाळ्यात.

ओल भिंतीतून येत असेल, तर आधी घराबाहेर जा. पत्र्याची पन्हळ किंवा गच्चीचा पाइप भिंतीच्या पायाशीच पाणी ओततो का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? न्हाणीची मोरी फुटली आहे का? नळ सगळे बंद करून, टाकीत येणारं पाणीही थांबवून, रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर कुठेतरी गळती आहे. ही कामं कमी खर्चाची असतात आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच भिंत वाळू लागते. मग सांधे चुन्यानं भरा, वर चुन्याचीच सफेदी द्या. प्लॅस्टिक पेंट नको.

आता सुरक्षिततेचं. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगर भागात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. तीन फूट रुंद दारामागे तीन फूट पाणी साचलं, तर दारावर पावणेचारशे किलोंहून अधिक भार येतो. धडधाकट माणसालाही ते दार ढकलून उघडता येत नाही. म्हणून वापर कोणताही असो, तळघरात झोपायची किंवा अभ्यासाची खोली करू नका.

विजेचं मुख्य बटण वरच्या मजल्यावर घ्या, म्हणजे खाली न उतरता प्रवाह तोडता येईल. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गळणारा प्रवाह तो क्षणात तोडतो. गॅसचा सिलिंडर तळघरात कधीही ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. डोक्याला उंची मिळावी म्हणून जमीन खोदण्याचा मोह होतो. पाया उघडा पडून भिंत खचू शकते. अभियंत्याला विचारल्याशिवाय कुदळ लावू नका.

तळघर वर्षानुवर्षं बंद असेल, तर दार उघडून आधी भरपूर हवा खेळू द्या, आणि एकट्यानं उतरू नका. खाली कोणी बेशुद्ध पडलं, तर त्याच्यामागे धावू नका; अग्निशमन दलाला बोलवा. आत ठेवलेला दिवा तेवत राहिला, एवढ्यावर विसंबू नका. काही विषारी वायूंत दिवा विझत नाही.

आणि घाई नको. येत्या पावसाळ्यात तळघरात काहीच बांधू नका. वही-पेन्सिल घ्या, पहिला मोठा पाऊस झाला की खाली जा आणि पाणी कुठल्या कोपऱ्यात, किती वेळानं दिसतं, ते लिहून ठेवा. दिवाळीनंतर गवंड्याला बोलवाल, तेव्हा अंदाज त्याचा नसेल. नोंद तुमची असेल.