वादळापूर्वी घर आणि खुराडे

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पाऊस नवा नाही आणि वाराही नवा नाही. पण चक्रीवादळ म्हटले की आपण बंगालच्या उपसागराकडे बोट दाखवून मोकळे होत होतो. ती सवय आता सोडायला हवी. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, असे धोक्याचे दोन हंगाम आपण धरून चालावे.

आज बोलायचे आहे ते परसातल्या दहापंधरा कोंबड्यांविषयी. कुणी म्हणेल, घराची कौले उडायची वेळ आली आणि हे गृहस्थ कोंबड्यांचे काय घेऊन बसले! पण जरा हिशेब करा. निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नवी पोफळ किंवा माड लावला तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. वाचलेली कोंबडी मात्र काही आठवड्यांत पुन्हा अंडी घालू लागते. शिवाय अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईमाणसाच्या हातचा असतो. मुलाची वही, घरातले मीठमिरची त्यातून येते. तेव्हा ही पुंजी राखणे हे घर राखण्यातच मोडते.

हवामान खात्याची पहिली सूचना साधारण तीन दिवस आधी येते. तेवढा वेळ पुष्कळ आहे, पण तो हातचा जाऊ देऊ नये. वारा सुरू झाल्यावर छपरावर चढणारा माणूस आणि कोंबडीमागे अंगणभर धावणारे पोर, दोघांच्याही जिवाला धोका.

पहिल्या दिवशी खुराड्याभोवती फिरून वर बघा. माडाखाली, फणसाच्या वाळक्या फांदीखाली, गडग्याच्या कडेला किंवा पाणी साचणाऱ्या खळग्यात खुराडे असेल, तर ते कितीही भक्कम असो, त्या रात्री त्यात कोंबडी ठेवू नये. छपराच्या पत्र्यावर चार दगड ठेवून भागत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. (शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे, गणितही होते आणि शहाणपणही.) निसर्गच्या वेळी वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. अशा वाऱ्यात सुटलेला पत्रा कोयत्यासारखा येतो. म्हणून पत्रे वाशांना तारेने आवळून बांधा, नाही तर सरळ काढून घरात आणा. अंगणातली घमेली, बादल्या, फळ्या, झाप हेही आत घ्या. घराच्या कडेची मोडकी फांदी आधीच उतरवा, सैल कौले बसवून घ्या.

कोंबड्या आणायच्या त्या अंधार पडल्यावर. दिवसा जी हाती लागत नाही, ती रात्री दांडीवरून निमूट उचलता येते. दोन्ही पंख अंगाशी धरून उचला, पाय बांधू नका. ठेवायला आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या फार सोयीच्या. फटींतून हवा खेळते. एका पेटीत दोन कोंबड्या, खाली भाताचे तूस किंवा कोरडा पेंढा. डालगे असेल तर तेही चालेल. कोंबडा वेगळा ठेवा. पेट्या पडवीत नकोत, आतल्या खोलीत भिंतीकडेला ठेवा. वरून गोणपाट टाकले तर अंधारात त्या शांत राहतात, पण प्लॅस्टिकचा कागद गच्च गुंडाळू नका. वाऱ्याने मरायच्या त्या गुदमरून मरतील.

रवणावर बसलेली कोंबडी असेल तर तिला अंड्यांसकट, टोपलीसकट रात्रीच हलवा. थोडा वेळ अंडी गार झाली म्हणून रवण वाया जात नाही. लहान पिलांना मात्र ऊब लागते आणि वीज बहुधा नसते. त्यांना आईखालीच राहू द्या. आई नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिचा विषारी वायू पिलांनाच नव्हे, माणसांनाही मारतो.

मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना आठवड्याला आठ किलो दाणे धरा, आणि ते उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. पाणी दहांना रोज तीन लिटर, उकाड्यात त्याच्या दुप्पट. माणसांचे पाणी वेगळे भरून ठेवा, कारण वीज गेली की पंप बंद आणि विहिरीत पालापाचोळा. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर हाताशी असू द्या. निसर्गनंतर कितीतरी गावांत मोबाइलही मुके झाले होते.

आणि गाव सोडून निवाऱ्याच्या शाळेत जायचा हुकूम झाला तर? तर माणसांनी निघावे, कोंबड्यांपायी थांबू नये. घरातल्या सर्वांत भक्कम, उंच जागी त्यांना पेटीबाहेर मोकळे सोडावे, दोन-तीन दिवसांचे दाणे आणि दोन-तीन जड भांड्यांत पाणी ठेवावे. निघण्यापूर्वी मोजदाद करून वहीत लिहावी, जमल्यास मोबाइलवर फोटो काढावा. पुढे पंचनाम्याला तलाठी आले की तोंडी हिशेबापेक्षा ही वही उपयोगी पडते.

वारा एकदम थांबला तर बाहेर धावू नका. वादळाचा डोळा वर आला असेल, तर थोड्या वेळाने तोच वारा उलट दिशेने येतो, आणि अर्धवट हललेले झाड दुसऱ्या धक्क्याला पडते. वादळ गेल्याची सूचना ऐकूनच दार उघडा, आणि तुटून पडलेल्या विजेच्या तारेजवळ जाऊ नका.

कोंबड्या लगेच परसात सोडू नयेत. आधी कौलांचे तुकडे, खिळे, काचा वेचा. ओले, बुरशी धरलेले दाणे टाकून द्या. बुरशीचे विष उन्हात वाळवून जात नाही. ओले तूस बदला, नाही तर पिलांना रक्ती हगवण लागते. डबक्याचे पाणी पाजू नका. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. एकापाठोपाठ मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. मानमोडीची लस वादळानंतर धावाधाव करून घेण्यासारखी नाही. तिचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून ती एप्रिलपर्यंत उरकलेली असावी. अंडी काही दिवस बंद होतील, पिसे गळतील. ते भीतीने होते. घाबरून कोंबडी विकायला काढू नका. चारा-पाणी नीट झाले की ती आपोआप पुन्हा अंड्यावर येते.