पायाखालचा सातारा

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : "तू धावतेस ना? मग बाहेरून आलेल्यांना साताऱ्यात सकाळी कुठे धावता येईल ते सांग." मी विचारलं, "बाहेरून आलेले म्हणजे कोण?" उत्तर आलं, "म्हणजे आपणच की!" समोर बसलेल्यांकडे पाहिलं तर ते खरंच आहे. पुणे, मुंबई, बंगळूर, दोघे तर थेट अमेरिकेतून. तीस वर्षांपूर्वी दप्तर घेऊन फिरत होतो त्याच गावात आज आपल्यापैकी निम्मेअधिक लॉजवर उतरलेत. आता साताऱ्याचे पाहुणे आपणच. त्यामुळे हे भाषण पर्यटकांसाठी आहे असं समजून कुणी पाणी प्यायला उठू नये.

मी सॉफ्टवेअरवाली. दिवसाचे दहा तास खुर्चीत. अडतिसाव्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता मी धावायला लागले. वेगाने नाही. माझ्या पुढे शाळकरी पोरं, निवृत्त फौजदार, सगळे जातात. तेव्हा इथे बसलेल्या कुणीही "आपल्याला नाही जमायचं" म्हणू नये.

साताऱ्याचे रस्ते समजून घ्यायची एक सोपी खूण सांगते. पाणी जिकडून येतं तिकडे चढ, जिकडे जातं तिकडे उतार. शाहू महाराजांनी हे शहर वसवलं तेव्हा पाणी यवतेश्वराच्या डोंगराकडून खापरी नळांतून हौदांत येत असे. पुढे ब्रिटिश काळात कासचं पाणी गावात आलं. म्हणजे पश्चिमेकडून पाणी येतं, आणि गावातून उतरून पूर्वेला वेण्णेला, कृष्णेला मिळतं. एवढं डोक्यात ठेवलं की नकाशा लागत नाही. दक्षिणेला अजिंक्यतारा उभा आहेच, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

पहिला रस्ता, अगदी नवख्यांसाठी. पोवई नाक्यावरून निघायचं, राजपथाने कमानी हौदावरून, मोती चौकातून राजवाड्यापर्यंत, आणि परत खालच्या रस्त्याने नाक्यावर. साधारण चार-पाच किलोमीटर. हा रस्ता मी मुद्दाम पहिला सांगते, कारण आपण सगळे शाळेमुळे इथे जमलोय. राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव पटावर आलं. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. खालच्या रस्त्याचं नाव कर्मवीर पथ. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला सुरू केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ पासून साताऱ्यातून चालते. एका फेरीत एवढं शिक्षण दुसऱ्या कुठल्या गावात पायाखालून जातं, मला सांगा. सकाळी सहाच्या आधी निघालात तर राजपथ मोकळा मिळतो. नंतर दूधवाले, पेपरवाले, रिक्षा आणि मग आपलेच ओळखीचे लोक आडवे येतात.

दुसरा रस्ता माहुलीचा. नाक्यावरून पूर्वेला, महामार्ग ओलांडून संगम माहुलीपर्यंत. जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर. जाताना उतार आहे, त्यामुळे आपण फार छान धावतोय असं वाटायला लागतं. त्याला भुलू नका. सगळा चढ परतीला आहे आणि तोवर ऊनही वर येतं. जाताना दम राखूनच धावा. खाली कृष्णा आणि वेण्णेचा संगम, घाट, श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ. राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या इथे आहेत, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचंही स्मारक आहे. आपले निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे. घाटावर दहा मिनिटं बसा. तिथे मात्र धावू नका. लोक दिवसकार्याला आलेले असतात, त्यांचा मान ठेवायचा.

तिसरा अजिंक्यतारा. राजवाड्यावरून अदालत वाड्याकडे, आणि तिथून गडाच्या गाडीरस्त्याने वर. गावापासून सुमारे एक हजार फूट चढ. नवख्यांनी हा चढ चालतच जावा, त्यात कमीपणा नाही. ज्यांना तेवढंही नको त्यांनी चार भिंतीपर्यंत जावं. १८५७ च्या हुतात्म्यांचं ते स्मारक आहे आणि तिथून सगळं गाव समोर दिसतं. गड शिलाहार भोजराजाच्या काळचा. १६७३ ला शिवाजी महाराजांकडे आला. १६९९ च्या अखेरीस औरंगजेब जातीने वेढा घालून बसला आणि चार महिन्यांहून अधिक काळ गड त्याच्या हाती लागला नाही. मंगळाईच्या बुरुजाशी लावलेला सुरुंग त्याच्याच माणसांवर उलटला. पुढे १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. हे सगळं आपण इतिहासाच्या तासाला पाठ केलं होतं, पाच मार्कांसाठी. पण तो चढ स्वतःच्या पायांनी चढून, फासळ्या दुखत असताना दरवाजाशी उभं राहिलं की कळतं, खालून तोफा ओढणाऱ्यांचं काय झालं असेल. बाई, तुम्ही इतकं जीव तोडून शिकवलंत, पण मला औरंगजेबाची अडचण चाळिशी उलटल्यावर समजली!

वर पोचलात की चहूबाजूंनी बघा. यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन. ही नावं आपल्या मुलांना माहीत नाहीत. त्यांना घेऊन जा.

चौथा रस्ता यवतेश्वरचा घाट. साताऱ्याचं नाव धावणाऱ्यांच्या जगात झालं ते या घाटामुळे. २०१२ पासून इथे पावसाळ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर, ढोबळमानाने निम्मा चढ आणि निम्मा उतार. २०१५ साली डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. आपल्याला शर्यत नको. समर्थ मंदिराकडून घाटाला लागायचं, यवतेश्वरपर्यंत जायचं, देवळात पाया पडायचं, परत यायचं. चढताना पावलं लहान टाका. उतरताना त्याहूनही लहान टाका, कारण गुडघे चढाने नाही, उताराने जातात. येणारी वाहनं समोर दिसतील अशा बाजूने धावा. धुक्यात भडक रंगाचे कपडे घाला. हातात खाऊ नको, माकडं ठेवू देत नाहीत. जोराच्या पावसात घाटात दरडी येतात, त्या दिवशी सरळ राजपथाची फेरी मारा. आणि रविवारी साडेसातच्या आत खाली या, कारण मग कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग सुरू होते.

कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे फुलांच्या दिवसांत धावायचं असेल तर फक्त डांबरी रस्त्यावर. त्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो. त्यात वर्षाचे काही आठवडेच फुलं येतात. आपल्या बुटाच्या एका ठशात किती रोपं जातात ते दिसत नाही, म्हणून आपण सहज तुडवतो. पाहुण्याने घरातलं काही मोडू नये, एवढंच.

आता थोडं स्वतःचं. आमचं मंगळवार पेठेतलं घर सहा वर्षांपूर्वी विकलं गेलं. वडील गेले, आई माझ्याकडे पुण्याला आली, जुन्या घराच्या जागी आता इमारत आहे. त्यानंतर एका लग्नासाठी मी साताऱ्याला आले आणि जन्मात पहिल्यांदा या गावात लॉजवर राहिले. पहाटे पाचला जाग आली. इतक्या सकाळी कुणाच्या दारात जाणार? बूट घातले आणि निघाले. चिमणपुऱ्यात एक आजी दारात सडा घालत होत्या. मला थांबवून म्हणाल्या, "एवढ्या पहाटे कुठं निघालीस गं? कुणाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"पोस्टातले व्हय? माझी मनिऑर्डर तेच आणून द्यायचे. पाणी पिऊन जा."

माझ्या ऑफिसात, माझ्या सोसायटीत गेल्या वीस वर्षांत मला "कुणाची तू" असं कुणीही विचारलेलं नाही. तिथे मी फ्लॅट नंबर आहे, कर्मचारी क्रमांक आहे. गाडीतून गेले असते तर त्या आजींनीही विचारलं नसतं. काच वर असते आपली. आपण कंदी पेढे घेतो, घाटात फोटो काढतो आणि टोलनाक्याच्या आत गाव विसरतो. आपल्यातल्या कितीतरी जणांची इथली घरं आता उरली नाहीत, पुढच्या दहा वर्षांत आणखी काहींची जातील. मग साताऱ्याशी आपलं नातं काय? माझ्यापुरतं उत्तर असं की सातबाऱ्यावर नाव नसलं तरी रस्ता पायाखालचा राहू शकतो. तो मात्र पायांनीच ठेवावा लागतो.

एक गोष्ट मुलींसाठी. मुली म्हणायची सवय जात नाही, आपण सगळ्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या. आपल्या वेळी पीटीच्या तासाला मुलं मैदानाला फेऱ्या मारायची आणि आपण कडेला लंगडी खेळायचो. पहाटे रस्त्याने एकट्या मुलीने धावायचं ही कल्पनाच नव्हती. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या, मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्याला ऑलिम्पिक नको, आपल्याला फक्त आपला रस्ता हवा. आज पहाटे चार भिंतीकडे पंजाबी ड्रेसवर बूट घातलेल्या बायका दिसतात. त्यांच्यात आपणही असावं. एकटीला संकोच वाटत असेल तर दोघी निघा. कुत्री भुंकली तर थांबा, चाला, पळू नका.

ज्यांना रक्तदाबाच्या, हृदयाच्या, साखरेच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी आज रात्रीच आपल्या वर्गातल्या दोन्ही डॉक्टरांना गाठा. चाळिशीनंतरचं धावणं तपासणी करूनच सुरू करायचं. छातीत दडपण आलं तर "एवढं झालं की थांबतो" म्हणायचं नाही, तिथल्या तिथे बसायचं आणि शेजारच्याला सांगायचं.

उद्या सकाळी पावणेसहाला पोवई नाक्यावर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ जमू. राजपथाने राजवाडा, खालच्या रस्त्याने परत. ज्यांना धावायचं त्यांनी धावावं, ज्यांना चालायचं त्यांनी चालावं, सर आणि बाईंसाठी राजवाड्यापाशी खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत. सगळ्यात हळू जो असेल त्याच्या मागे मी असेन, त्यामुळे कुणी मागे राहणार नाही. वाटेत कुणी "कुणाचे तुम्ही?" असं विचारलं तर घाईत पुढे जाऊ नका. थांबा, नाव सांगा, दिलेलं पाणी प्या. नंतर पेढे आहेतच. माझ्या वाटणीचा अर्धा.