किल्ली मुलांच्या हाती द्या
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



उन्हाळी शिबिरांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. विषय वरवर लहान वाटेल; पण आपली वस्ती कशी वाढली ते आठवा. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागोमाग चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे कारखाने उभे राहिले आणि पुढे ही रांग चाकणपर्यंत पोचली. कोकणातून, मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून माणसे पोटासाठी इथे आली. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, आजी-आजोबा गावाकडे राहिलेले. मे महिन्यात मुलगा नाक्यावर आणि मुलगी चार भिंतींत. मग एखाद्या परीक्षेत अपयश आले की मूल पार खचते, कारण तोवर त्याच्यावर कुणी काही सोपवलेलेच नसते.

प्रवासाला तिघे निघाले तरी त्यांतल्या एकाला अमीर नेमावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. मोठी माणसे मिळाली तरच अमीर नेमा, असे त्यात नाही. 1907 साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले, तेव्हा हेच केले. श्रीमंतांची आणि कामगारांची मुले एकत्र घेतली, त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघावर एका मुलालाच नायक केले. स्काउट चळवळीचे मूळ तेथे आहे.

आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातला तो उन्हाळा! तरीही गावोगावची तरुण मुले-मुली तेथे गेली. सकाळी कुदळ-फावडे, दुपारनंतर चर्चा. घाम गाळल्यावर ज्याची त्याला आपली ताकद कळते.

आता आपले शिबिर डोळ्यांसमोर आणा. चाळीस मुले आहेत. सतरा वर्षांच्या एका मुलाच्या हाती कोठीघराची किल्ली द्या. पहिल्या दिवशी त्याचा अंदाज चुकेल, भात कमी पडेल, लहान मुले कुरकुरतील. त्या वेळी आपण मोठ्यांनी धावत जाऊन किल्ली काढून घ्यायची नाही. रात्री त्याला शेजारी बसवून एवढेच विचारावे, "उद्या किती तांदूळ काढशील?" दुसऱ्या दिवशी तो माणसे मोजून तांदूळ काढील. चुकलो तरी सावरता येते, हा धडा वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. कारखान्यातला जुना कारागीरसुद्धा शिकाऊ मुलाला यंत्रावर उभे करतो आणि स्वतः शेजारी थांबतो.

अर्थात जबाबदारी देणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. पाणी, आग आणि औषधपाणी यांवर मोठ्यांचीच नजर हवी. इंद्रायणी असो की भामा, नदीत उतरण्याचा निर्णय मुलांवर टाकू नये.

आणि आपल्या मुली? 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्काउट मेळाव्याला काही मुली न बोलावता हजर झाल्या. पुढच्याच वर्षी गर्ल गाइड्सची संघटना निघाली. आपल्या मुलींना न बोलावता येण्याची पाळी का यावी? शिक्षिका सोबत असू द्या, मुक्कामाची सोय चोख ठेवा. त्यात तडजोड नको. पण मुलगी नको, असे म्हणू नका. उद्या तिलाही नोकरी, संसार आणि संकटे पेलायची आहेत.

माझी विनंती एवढीच. येत्या सुट्टीत संस्थेने आठ दिवसांचे शिबिर घ्यावे. शिकवायला वक्ते थोडे बोलवा. दहावी-बारावी झालेल्या आपल्याच मुलामुलींना संघनायक करा. किल्ली, हिशेबाची वही आणि लहानांची काळजी त्यांच्याकडे सोपवा. जबाबदारी ही अमानत आहे. ती हाती पडल्याखेरीज सांभाळता येत नाही.

अल्लाह आपल्या मुलांना हिंमत देवो, आणि आपल्याला त्यांच्यावर विश्वास टाकण्याची तौफीक देवो. आमीन.