सैनिक जेव्हा बातम्यांत बोलतो



नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याने निघाले, कोंढाळी मागे पडली, की पुढे आमचे कारंजा लागते. घाडग्यांचे कारंजा. संत्र्याच्या बागा, तालुक्याची कचेरी, शाळा-महाविद्यालय, आणि ज्यांची मुले सैन्यात गेली अशी काही घरे. त्यांतल्या एका घरची हकिकत आधी सांगतो.

२०२५ सालच्या मे महिन्यातली ८ तारखेची रात्र. २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांची हत्या झालेली. ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री आपल्या सैन्याने नऊ ठिकाणांवर हल्ले केलेले. आमच्या शेजारच्या आजींचा नातू सीमेवर होता. आजी टीव्हीसमोर बसलेल्या, ताट तसेच झाकून ठेवलेले. पडद्यावर भोंगा वाजत होता. कराचीचे बंदर उडवल्याची बातमी सुरू होती, आणि एक निवृत्त अधिकारी, आता हे युद्ध लांबणार, असे खात्रीने सांगत होते. आजींनी मला विचारले, "सर, हे सायेब मिल्ट्रीतले होय ना? मंग खरंच असन. माहा नातू कुठं असन आता?"

कराचीची ती बातमी खोटी ठरली. १० मेला लढाई थांबली. नातू सुखरूप होता. पण त्या रात्री आजी जेवल्या नाहीत, ते काही परत भरून येत नाही. "मिल्ट्रीतले होय ना, मंग खरंच असन" हे त्यांचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आज त्यावरच आपल्याशी बोलायचे आहे.

हा सैनिक बातम्यांच्या पडद्यावर आला कसा, ते आधी पाहू. सेवेत असताना सैनिकाला बोलायची मोकळीक नसते. १९५४ च्या सैन्य नियमांतला २१ वा नियम असा आहे की, राजकीय प्रश्नावर किंवा सैन्यातल्या विषयावर सरकारच्या परवानगीशिवाय वृत्तपत्रांना काही सांगायचे नाही. तीस-पस्तीस वर्षे माणूस पाहतो, भोगतो आणि गप्प राहतो. निवृत्त झाला की हे बंधन सुटते. सरकारी गुपिते मात्र निवृत्तीनंतरही सांगता येत नाहीत. त्यासाठी १९२३ चा कायदा आहेच.

१९९९ च्या कारगिल युद्धात आपण पहिल्यांदा घरात बसून लढाई पाहिली. २००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या सुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. चोवीस तास बोलायचे तर जाणकार माणूस हवा. तो सैन्यातून आला.

मराठीत अशी काही ठळक माणसे आहेत. ब्रिगेडियर हेमंत महाजन हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढले, युद्ध सेवा पदक मिळवले. निवृत्तीनंतर ते वाहिन्यांवर दिसू लागले, मराठी दैनिकांतून लिहू लागले, गावोगाव व्याख्याने देऊ लागले. नक्षलवाद, घुसखोरी, सीमासुरक्षा हे त्यांचे विषय. त्यांची मते ठाम असतात, कोणाला पटतात, कोणाला पटत नाहीत. पण हे विषय त्यांनी मराठी वाचकाच्या घरात नेले, हे खरेच. एअर मार्शल भूषण गोखले हवाई दलाचे उपप्रमुख होते. २००७ मध्ये निवृत्त झाल्यावर तेही विमानांच्या गोष्टी मराठीत समजावून सांगू लागले. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावर 'न सांगण्याजोगी गोष्ट' हे जाडजूड पुस्तक मराठीत लिहिले. पराभवाबद्दल लिहायला तर जास्तच धीर लागतो.

अशा माणसांची आपल्याला गरज आहे का? आहे. दूर कशाला जा, आपल्याच जिल्ह्यातले पुलगाव घ्या. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या दारूगोळ्याच्या भांडारात आग लागली. दोन अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या सकाळी मृतांचा आकडा तासातासाला बदलत होता, आणि घातपात तर नाही, असे जो तो विचारत होता. पुढे जुन्या सुरुंगांमधून स्फोटक द्रव्य पाझरत असल्याची माहिती बाहेर आली. दारूगोळ्यालाही वय असते, तो उन्हाने आणि काळाने बिघडतो, त्याची वेळीच विल्हेवाट लावावी लागते. ही साधी गोष्ट भांडारात नोकरी केलेला माणूस पाच मिनिटांत समजावतो, आणि अफवा तिथेच थांबते.

पण हेच भांडाराचे साहेब विमानांच्या लढाईवर बोलू लागले तर? आपण कापूसवाल्याला संत्र्यावरच्या डिंक्याचे औषध विचारतो का? शेतकरी दोघेही, पण ज्याचे त्याचे पीक वेगळे. सैन्याचेही तसेच आहे. पायदळ, तोफखाना, नौदल, हवाई दल, प्रत्येकाची विद्या वेगळी. पडद्यावर मात्र हुद्द्याची पाटी तेवढी दिसते. शिवाय निवृत्त होऊन पंधरा वर्षे झालेल्या माणसाला आज रात्री सीमेवर काय चालले आहे, हे ठाऊक असतेच असे नाही. तो अनुभवावरून अंदाज करतो. अंदाज करणे गैर नाही. अंदाजाला बातमी म्हणणे गैर.

तिसरी गोष्ट अमेरिकेत घडली. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड बार्स्टो या वार्ताहराने उघड केले की, इराकच्या युद्धावर वाहिन्यांवर बोलणाऱ्या पंचाहत्तरहून अधिक निवृत्त अधिकाऱ्यांना तिथले संरक्षण खाते आतल्या बैठकांना बोलावून काय बोलावे ते सुचवत होते. त्यांतल्या अनेकांचे शस्त्रे आणि सैन्याचा माल विकणाऱ्या कंपन्यांशी संबंध होते. प्रेक्षकांना यातले काही सांगितलेले नव्हते. या लेखनाला २००९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. म्हणून, बोलणारा कुठे काम करतो, कोणाशी बांधलेला आहे, हे विचारण्यात त्याचा अपमान नाही. आपण जमीन घेतानाही सातबारा पाहतोच ना?

आता उलट उदाहरण पाहा. ११ मे २०२५ ला तिन्ही दलांचे सेवेतले अधिकारी पत्रकारांसमोर आले. आपली किती विमाने पडली, असा प्रश्न आला. हवाई दलाचे अधिकारी एवढेच म्हणाले की, लढाईत हानी होतच असते, आमचे सगळे वैमानिक परत आले आहेत, आणि तपशील आत्ता देणार नाही. ज्याला सगळ्यांत जास्त माहीत होते, तो सगळ्यांत कमी बोलला. या गोष्टीचा आपण विचार करावा. सरकारनेही २६ एप्रिललाच वाहिन्यांना सूचना दिली होती की, सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. १० मेला पुन्हा सांगावे लागले की, कार्यक्रमात भोंगे वाजवू नका, खऱ्या भोंग्याला लोक मग जुमानणार नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, सैनिकाचा मान ठेवावा, आणि मान ठेवूनच त्याला प्रश्न विचारावा. शिक्षक बंधु-भगिनींना माझी एक सूचना आहे. वर्गात फळ्यावर तीन रकाने आखावेत: पाहिलेले, ऐकलेले, वाटलेले. आदल्या रात्री बातम्यांत कोणी निवृत्त अधिकारी बोलले असतील, तर त्यांचे एकेक वाक्य मुलांनी योग्य रकान्यात घालावे. मी माझ्या वर्गात हे करून पाहिले. पहिल्या रकान्यात फार थोडी वाक्ये जातात. पण जी जातात, ती सोन्यासारखी असतात, आणि ती सांगणाऱ्या माणसाबद्दल मुलांचा आदर वाढतोच.

आमच्या शेजारच्या आजी अजूनही रोज बातम्या पाहतात. परवा कोणी साहेब बोलत होते, तर मला हाक मारून म्हणाल्या, "सर, यानं हे पायलं का नुसतं आयकलं?" आजी शाळेत गेलेल्या नाहीत. एवढा एक प्रश्न आपण सर्वांनी विचारायचे ठरवले, तर पडद्यावर बोलणारेही जपून बोलतील, आणि सीमेवर ज्यांची मुले आहेत त्या घरांतली ताटे झाकून राहणार नाहीत.