शाळा सुटल्यानंतरची नोंद
(महोत्सवी सभेतील भाषण)



हिंदुस्थानातील मूकबधिरांची पहिली शाळा १८८५ साली मुंबईत निघाली, व तिच्या स्थापनेचे श्रेय आपल्याच ख्रिस्तसभेचे बिशप लिओ मेउरिन यांस आहे. तेव्हा प्रश्न मुलांस शाळेत आणण्याचा होता. आज तो शाळेनंतरचा आहे. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर व शिक्षणपूर्तीवर लक्ष ठेवावयास सांगितले, सरकारी नोकरीत शेकडा ४ जागाही राखविल्या. परंतु शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला, की शाळेची वही मिटते. अमेरिकेत १९८५-८६ साली शाळेत असलेल्या अशा मुलांची विचारपूस पुढे १९९० पर्यंत झाली: कोण कामास लागला, कोण घरीच बसला.

आपल्या रत्नागिरीत धडधाकट मुलगा मुंबई गाठतो. ज्यास ऐकू येत नाही वा चालवत नाही, तो बहुधा वाडीतच राहतो. मुलगी असल्यास तर तिची दहावी झाली होती, हेही शेजारी विसरतात. घरची माणसे ‘देवाची इच्छा’ म्हणतात. देवावर एवढा भार घालणे आम्हांस मान्य नाही!

आपल्या स्नानसंस्काराच्या वहीत त्याच नावापुढे दृढीकरण आणि विवाह यांचीही नोंद होते. माणूस परगावी गेला तरी ती तेथून कळविली जाते. तशीच एक वही या मुलांकरिता ठेवावी. दर वर्षी दोघांनी घरोघर जाऊन, ते काय शिकतात, काय करितात, कोठे अडले, एवढे त्यांसच विचारावे, आईबापांस मागाहून. पहिली फेरी पावसाळ्यापूर्वी व्हावी. वहाळांस पाणी आले, की दूरच्या वाड्या राहून जातात.